खिडकीखालचं सिंक

आमच्या ह्यांना बाजारात सगळे काटकोन म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण ह्यांना ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. ह्यांचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. लाकडी पट्टी कापायची, चारी कोपरे जुळवायचे, काच बसवायची आणि गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः जाऊन फ्रेम भिंतीवर टांगून द्यायची, हा ह्यांचा धंदा. टांगून झाली की हे खिशातून छोटी पाणसळ काढतात, फ्रेमच्या डोक्यावर ठेवतात आणि काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मध्यावर येऊन थांबेपर्यंत जागचे हलत नाहीत. मग गिऱ्हाईक चहाला बसवतं आणि चहा पिता पिता हे त्यांचं घड्याळ, कॅलेंडर आणि आरसा सरळ करून देतात. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. आजवर कुणी द्यायलाही गेलं नाही.

अशा माणसाबरोबर संसार केला की आपणही नकळत सरळ उभं राहायला शिकतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार सिंकची होती.

आमच्या स्वयंपाकघरात सिंक होतं कोपऱ्यात आणि खिडकी होती दुसऱ्या टोकाला. लग्न झाल्यापासून मी भिंतीकडे तोंड करून भांडी घासत आले. शाळेत शिक्षा झालेल्या मुलाला निदान तास संपल्यावर बाकावर बसू देतात, मला तीही सोय नव्हती. त्या भिंतीवर ओल येऊन एक डाग पडला होता. तो दर पावसाळ्यात थोडा वाढायचा, आणि माझ्या आयुष्यात नवीन काही घडतंय असं वाटायला मला तेवढंच पुरायचं. पलीकडे खिडकीतून अख्खा रस्ता दिसायचा. माणसं जायची, भांडायची, छत्र्या उलट्या व्हायच्या, आणि मी कढईच्या बुडाशी झटापट करत असायचे.

म्हणून जुन्या सिंकला तडा गेला त्या दिवशी मी सांगून टाकलं, "नवीन सिंक खिडकीखाली हवं. बाकी मला काही नको."

ह्यांनी लगेच हो म्हटलं. एवढ्या लवकर हो आलं की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय. ते मुरत होतं ते असं, की हे काम ह्यांना स्वतः करायचं होतं.

"भिंतीत चार छिद्रं पाडायची आणि पाइप टांगायचा," हे म्हणाले. "टांगण्यात माझं आयुष्य गेलंय."

"पोराचा हात चांगला आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या मते पोराचा हात चांगला नाही असं जगात एकही काम नव्हतं.

ओट्याला खिडकीखाली भोक पाडून घेतलं. चकचकीत स्टीलचं सिंक त्यात बसलं. सांडपाणी बाहेर जाण्याचं भोक मात्र जुन्याच कोपऱ्यात होतं, त्यामुळे ओट्याखालून, भिंतीला धरून, खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत लांबलचक पाइप न्यावा लागला. ह्यांनी दोन दिवस दुकान बंद ठेवलं. ओट्याखाली आडवे पडून एकेक पकड भिंतीत बसवली. दर वितीवर पाणसळ ठेवली. शेवटी धुळीनं माखून बाहेर आले आणि आम्हा दोघींना खाली वाकायला लावलं.

"बुडबुडा बघ," हे म्हणाले. नवीन जन्मलेलं बाळ दाखवतात तसा ह्यांचा चेहरा झाला होता.

बुडबुडा मध्यावर होता. या टोकाला मध्यावर, त्या टोकाला मध्यावर, कुठंही ठेवा, मध्यावर. मी कौतुक केलं. मला त्यातलं काय कळत होतं म्हणा. मग मी खिडकीसमोर उभी राहिले, बाह्या मागे सारल्या आणि नळ सोडला. समोर रस्ता होता, ऊन होतं, एक बाई कुत्र्याला ओढत होती की कुत्रा बाईला, ते बघण्यात मी रमले. खाली बघितलं तेव्हा सिंक काठोकाठ भरलं होतं आणि चहाचा चोथा माझ्या मनगटाभोवती फिरत होता.

पाणी आलं, बसलं आणि राहिलं. काठी घालून पाहिली, गरम पाणी ओतून पाहिलं, सासूबाईंनी सिंकला चार गोष्टी सुनावून पाहिल्या. तासाभरानं ते उपकार केल्यासारखं थोडं खाली उतरलं. दोन दिवस मी सिंकमधलं पाणी मगानं बादलीत काढत होते आणि बादली मोरीत रिकामी करत होते. मग ह्यांना न विचारता प्लंबरला बोलावलं.

प्लंबर म्हणजे बोलायला सैल माणूस. मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा आणि स्वतःबद्दल मत सगळ्यात मोठं. "आपण नुसतं दारात उभं राहिलो तरी अर्ध्या घरांचं पाणी वाहायला लागतं," असं म्हणतच तो ओट्याखाली शिरला.

"साहेब, हा पाइप कुणी टाकला?"

"मी," हे ताठ होऊन म्हणाले.

"फार सुंदर टाकलाय. आपण जन्मात एवढा सरळ पाइप बघितला नाही." मग जरा थांबून, "म्हणूनच पाणी जात नाही. पाण्याला उतार लागतो, साहेब. हे टोक बोटभर वर पाहिजे."

"बोटभर," हे म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला.

"बोटभरच."

प्लंबरनं खिडकीकडच्या पकडी सोडवल्या, पाइप वर उचलला, पुन्हा आवळल्या. सिंकखालची मऊ नळी हवी तशी वाकते, त्यामुळे बाकी काही हलवावं लागलं नाही. नळ सोडताच पाणी असं सुसाट गेलं की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हे मात्र दाढ काढताना बघावं तसं त्या पाइपकडे बघत उभे होते.

ओट्याखाली दारं बसवायची राहिली होती. जेवायला बसलं की पाइप बरोबर ह्यांच्या समोर यायचा. दोन घास खाल्ले की हे मान तिरकी करायचे. पुन्हा दोन घास, पुन्हा मान. मी म्हटलं, "सुताराला सांगून दारं लावून घेऊया."

"दाराआड तो वाकडा आहे हे मला माहीत असणारच ना," हे म्हणाले आणि ताटावरून उठले.

चार दिवस मी राणीसारखी खिडकीत उभी राहून भांडी घासली. पाचव्या दिवशी पाणी पुन्हा बसलं.

प्लंबर आला, खाली वाकला आणि त्याची मिशी जरा उतरली. पाइप पुन्हा सरळ होता. "आपण उतार दिला होता," तो म्हणाला. "आपल्या हातानं दिला होता." त्यानं पुन्हा दिला, पकडी जास्त आवळल्या आणि गेला. आठवडाभरानं पुन्हा तेच. या वेळी उतार देऊन झाल्यावरही तो ओट्याखालून बाहेरच येईना. आतून त्याचं स्वतःशी बोलणं ऐकू येत होतं. अखेर बाहेर आला, घाम पुसला आणि मला हळू आवाजात म्हणाला, "ताई, घाबरू नका, पण पाइप बरोबर आहे. घर झुकतंय."

"मी केव्हापासून सांगतेय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात असं काही सांगितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. त्यांनी टोपलीतला एक बटाटा घेऊन फरशीवर सोडला. बटाटा टेबलाखाली गेला. प्लंबरनं तो आणून उलट्या बाजूनं सोडला. बटाटा पुन्हा टेबलाखालीच गेला. दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं की आता घरातलं सामान बाहेर काढायचं तेवढं बाकी आहे. हे त्या वेळी दुकानात जायच्या घाईत होते. एरवी बटाट्याच्या अशा तपासणीत ह्यांनी पहिल्यांदा उडी घेतली असती. मला तिथंच शंका यायला हवी होती, पण मी त्या वेळी बटाट्याकडे बघत होते.

प्लंबरनं हात टेकले. "ताई, झुकत्या घरात लांब पाइप टिकणार नाही. सिंक परत कोपऱ्यात घ्या. तिथं भोक पायाशी आहे, घर कितीही झुको, पाणी जाणार. शनिवारी येतो आणि हलवून देतो. नाहीतर दुसरा माणूस बघा, आपली झोप उडालीय."

"कोपऱ्यात काय वाईट होतं?" सासूबाई म्हणाल्या.

मी फडकं घेऊन ओटा पुसायला लागले. बोलले असते तर रडले असते. लोक म्हणतील, सिंकसाठी कुणी रडतं का. त्यांनी माझ्या जागी त्या भिंतीसमोर उभं राहावं आणि मग बोलावं.

शुक्रवारी दुपारी मी बाजाराला निघाले. कोपऱ्यावर गेल्यावर पिशवी विसरल्याचं लक्षात आलं म्हणून परत फिरले. चप्पल दारात काढली आणि स्वयंपाकघरात आले, तर ओट्याखालून दोन पाय बाहेर आलेले. मोजे ओळखीचे होते, कारण मीच ते रफू केले होते. शेजारी खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या आणि वाकून बॅटरीचा झोत आत धरत होत्या.

"जरा डावीकडे, आई," पाय म्हणाले.

"लवकर आटप. ती भाव करत नाही, पटकन येते," सासूबाई म्हणाल्या.

"आलेय," मी म्हटलं.

बॅटरी विझली. पाय आखडले. मग हळूहळू गुडघे, पोट आणि शेवटी हे स्वतः बाहेर आले. एका हातात पाना, दुसऱ्यात पाणसळ. आता नाही म्हणायला जागा नव्हती, तरी ह्यांनी शोधली. "मी नुसता बघत होतो," हे म्हणाले.

"आणि तुम्ही, आई? घर झुकतंय ना?"

"मग काय सांगायचं त्या माणसाला?" सासूबाई म्हणाल्या. "पोराला झोप येत नव्हती. डोळे मिटले की पाइप दिसतो म्हणत होता. आईच्या जिवाला बघवत नाही गं."

"आणि बटाटा?"

"बटाटा आपल्या मनानं गेला. त्यात माझा हात नाही."

माझा पारा चढला तो चढलाच. मी ह्यांना सांगितलं की मी इतकी वर्षं डागाकडे बघत उभी राहिले. मला दागिने नको होते, गाव बघायचं नव्हतं, एक खिडकी हवी होती. उद्या तो माणूस येऊन मला परत कोपऱ्यात उभं करणार आहे, आणि ते घर झुकतंय म्हणून नाही, माझ्या नवऱ्याला बोटभर उतार सोसत नाही म्हणून. "तुमचा बुडबुडा मध्यावर राहू दे," मी म्हटलं, "मी जाते कोपऱ्यात."

हे उभे राहिले. जाता जाता दारावरच्या तोरणाच्या वाकड्या खिळ्याकडे हात गेला, तो मागे घेतला, आणि दुकानात निघून गेले. संध्याकाळी जेवायला आले नाहीत, काम आहे असा निरोप आला. रुसायचं मी, आणि रुसून बसले हे. मी तणतणत मगानं पाणी उपसत राहिले.

शनिवारी सकाळी प्लंबर हत्यारांची पेटी घेऊन हजर झाला. मी त्याला खरं काय ते सांगायचं ठरवलं होतं, पण सासूबाईंनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी मूग गिळून बसले. आणि सांगून तरी काय होणार होतं? उतार पुन्हा दिला तरी हे पुन्हा काढणार. त्यानं सिंकखालची नळी सोडवली. पहिला स्क्रू काढायला घेतला, तेवढ्यात दारात खडखडाट झाला.

हे आत आले ते आडवे होऊन, कारण खांद्यावर ओट्याएवढी लांब वस्तू होती. डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल. वस्तू जमिनीवर ठेवली आणि वरचं फडकं काढलं.

फ्रेम होती. साधी नाही, सोनेरी, कोपऱ्यांवर वेलबुट्टी असलेली. लग्नाच्या मोठ्या फोटोंना लावतात ती, दुकानातली सगळ्यात भारी पट्टी. एवढंच, की ही लांबलचक आणि अरुंद होती.

"नळी परत जोडा," हे प्लंबरला म्हणाले. "आणि पाइपाला उतार द्या. हवा तेवढा द्या. मी तिकडे तोंड करतो, झालं की सांगा."

प्लंबरनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यानं उतार दिला. प्रत्येक पकड आवळल्याचा आवाज आला की भिंतीकडे तोंड करून उभे असलेल्या ह्यांचे कान लाल व्हायचे. मग हे वळले, फ्रेम घेऊन ओट्याखाली गेले आणि पाइपाभोवती ती भिंतीवर बसवली. डोक्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत आम्ही सगळे श्वास रोखून होतो. तो आला.

"एकदा एका गिऱ्हाइकानं समुद्राचा फोटो आणला होता," हे ओट्याखालूनच बोलायला लागले. "काढणाऱ्यानं असा काढला होता की समुद्र एका बाजूनं सांडतोय. मी तो उपडा करून ठेवला. पण ते म्हणाले, आम्हाला असाच हवा. मग मी फ्रेम सरळ टांगली. फ्रेम माझी, समुद्र त्यांचा. त्या रात्री झोप लागली मला." बाहेर आले, माझ्याकडे बघितलं. "हे मला आधीच सुचायला हवं होतं."

आम्ही चौघं खाली वाकून बघत राहिलो. भक्कम सोनेरी चौकट, अगदी सरळ, आणि तिच्यात आमचा सांडपाण्याचा पाइप, थोडा तिरका, आरामात पडलेला. कुणी हसलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण प्लंबरनं नाक ओढलं.

"एवढी वर्षं काम करतोय," तो म्हणाला, "आपलं काम कुणी बघतसुद्धा नाही. सगळं भिंतीत नाहीतर जमिनीत." त्याचा आवाज पहिल्यांदाच घराच्या मापाचा झाला होता. "साहेब, खाली लहानसं नाव टाकता येईल का?"

"पितळी पट्टीवर टाकून देतो," हे म्हणाले. प्लंबरनं खिशातून मोबाइल काढून फ्रेमशेजारी उकिडवं बसून फोटो काढून घेतला. सासूबाईही त्यात आल्या, बॅटरीसकट. घर झुकतंय की नाही हे विचारायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मी बाह्या मागे सारल्या, पण हे आधी पुढे झाले. "थांब, पाणी जातंय का मी बघतो." नळ सोडला. पाणी गेलं. एक पातेलं घासलं, पाणी गेलं. प्लंबर निघून गेला, सासूबाई आडव्या झाल्या, आणि हे आपले एकामागून एक भांडं घेत होते. माझ्या खिडकीत ह्यांची पाठ. मी फडकं घेऊन मागे उभी. आधी वाटलं, माणूस पश्चात्तापानं घासतोय, घासू दे. मग लक्षात आलं की हातातली एकच वाटी केव्हापासून गोल फिरतेय आणि साहेब बाहेर बघताहेत. छान वाटत असणार. मला माहीत होतं किती छान वाटतं.

"अहो, सरका आता."

"थांब जरा," हे म्हणाले. "समोरच्या शिंप्याची पाटी बघ."

मी बघितली. पाटी होती. तिच्यात बघण्यासारखं मला काही दिसलं नाही, पण ह्यांनी वाटी ठेवली, माझ्याच फडक्याला हात पुसले, शिडी उचलली आणि जिना उतरले.

मग मी पुढे झाले. कोमट पाण्यात हात घातले आणि खिडकीबाहेर बघितलं. हे रस्ता ओलांडत होते. शिंपी गळ्यात टेप घालून बाहेर आला आणि हातवारे करायला लागला. हेही करायला लागले. थोड्या वेळानं शिंपीच शिडी धरून उभा होता आणि हे वर चढून पाटीवर पाणसळ ठेवत होते. येणारे जाणारे थांबून बघत होते. या माणसाचा मला कालपासून इतका राग आला होता, की वाटीच डोक्यात घालावी. आणि आता तो माझ्या खिडकीत, शिडीवर, मोजे दिसताहेत असा, आणि मला इतका आवडला की डोळ्यांत पाणी आलं. हात साबणाचे, पुसणार कसं.

पाटी सरळ झाली. खिडकीतून मलाही दिसत होतं. ह्यांनी मागे वळून थेट आमच्या खिडकीकडे बघितलं आणि हातानं विचारलं, झाली ना?

मी काही मुद्दाम ठरवलं नव्हतं. त्यांनी एवढ्यात खाली उतरू नये एवढंच वाटलं. मी साबणाचा हात वर करून खूण केली, डावी बाजू अजून थोडी वर.

हे बुडबुड्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. चांगला वेळ बघितलं. शिंपी खालून काहीतरी ओरडत होता. ह्यांनी पाणसळ खिशात टाकली, दोन्ही हातांनी पाटी धरली आणि डावी बाजू थोडी वर केली.